आखूडशेपटी

ठकी बाथरूमच्या दारात फतकल मारून बसली होती आणि तिच्या मुठीत गोगलगायीचं शेपूट होतं. नुसतं शेपूट. शेजारी माझा डबा उपडा पडलेला आणि त्यातली ओली पानं फरशीभर.

"बाकीची कुठाय?" आवाज जमेल तितका मऊ ठेवून मी विचारलं.

तिने बोट तोंडाकडे नेलं.

"खाल्लीस?"

"हो."

"नाही ना खाल्लीस?"

"हो."

अडीच वर्षांची आहे. सध्या तिचं सगळ्यालाच हो असतं. मध्ये आजोबांनी 'तू म्हैस आहेस का' असं विचारलं, तेव्हाही मनापासून हो म्हणाली होती. मी तिच्या तोंडात बोट फिरवलं. चिकट लागलं, पण तिचं तोंड एरवीही चिकटच असतं.

माझं काम बिनशंखाच्या गोगलगायींचं. रानातल्या ओल्या पाचोळ्यात त्या शोधायच्या, आणि आधी कुणी नोंदवलेली नसेल तर तिचं वर्णन लिहून तिला नाव द्यायचं. ही एकच सापडली होती. लांब, निमुळती, ठिपक्यांच्या ओळी थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेल्या. असली शेपटी त्या रानातल्या कुठल्याच जातीला नाही, म्हणूनच ती नवी. स्पिरिटमध्ये रंग उडतो, त्यामुळे फोटो जिवंतपणीच काढावे लागतात. प्रयोगशाळेतल्या एसीत बाईसाहेब अंग चोरून बसल्या, हलायला तयार नाहीत. बाथरूमच्या दमटपणात तरी फिरतील म्हणून घरी आणलं. डब्याचं झाकण मी घट्ट लावलं होतं. लावलंच असणार.

आणि अशा गोगलगायींच्या अंगात जंत असू शकतात, ते माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात, हे विद्यार्थ्यांना शिकवणारीही मीच.

सासूबाई धावत आल्या. लोकांच्या सुना ऑफिसातून फायली घरी आणतात, एवढंच म्हणाल्या आणि ठकीची मूठ सोडवायला बसल्या. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, नक्की गिळली आहे का? आमच्या घरात त्या घडीला नक्की असं काहीच नव्हतं. घेऊन या, ते म्हणाले, पण निघण्याआधी एकदा नीट शोधा.

बादलीच्या मागे एक गोगलगाय सापडली. पण ती माझी नव्हती.

ती आखूडशेपटी होती. ही जात मला हे काम शिकवणाऱ्या आमच्या सरांची. तरुणपणी त्यांनीच ती शोधली, तीही त्याच रानात. मी तिला फक्त त्यांच्या स्पिरिटच्या बाटल्यांमध्ये पाहिलेली, मागून बोथट, कुणी कात्री चालवल्यासारखी. ती माझ्या बाथरूममध्ये कशी आली? पानांबरोबर? मग माझी कुठे गेली?

"सापडली की," सासूबाई म्हणाल्या.

"ही ती नाही, आई."

"म्हणजे दोन होत्या?"

"नाही. एकच होती."

"मग ही कोण?"

एव्हाना सासूबाईंनी ठकीच्या मुठीतून शेपूट काढून फरशीवर ठेवलं होतं. ते अजून वळवळत होतं. काय सुचलं कोण जाणे, मी ते पानाने सरकवत त्या बोथट गोगलगायीच्या मागे नेऊन टेकवलं. ठिपक्यांची एक ओळ जिथे तुटली होती, तिथूनच पुढे सुरू झाली. दुसरीही. तिसरीही.

धरलं की ही शेपूट टाकते, पालीसारखी. सरांची माणसं सरळ चिमटीत पकडून बाटलीत टाकायची. मी हात न लावता पानासकट उचलली होती. तेवढाच काय तो दोन जातींमधला फरक.

म्हणजे पोरीने काही खाल्लं नव्हतं, आणि माझी नवी जातही नव्हती. दोन्ही एकदमच कळलं, त्यामुळे आधी कशाचं काय वाटून घ्यावं तेच उमगेना. मी ओल्या फरशीवर तशीच बसून राहिले.

सरांना फोनवर सांगताना माझीच वाक्यं अडखळत होती. त्यांनी आधी मुलगी बरी आहे ना ते विचारलं.

"अगं, पण आमच्या सगळ्या बाटल्यांमधल्या आखूडच आहेत."

"पकडलेल्या आहेत ना सर त्या."

पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं. हसले की काय, कळलं नाही. मग म्हणाले, जातीला आधी दिलेलं नाव टिकतं, म्हणून माझंच राहील, पण ते आता शोभणार नाही. वर्णन नव्याने लिहावं लागेल. "तूच लिही. शेपटीसकट."

बाहेर येऊन बघते तर सासूबाईंनी ठकीला नवा फ्रॉक चढवलेला. आता डॉक्टरांकडे जायचंय की नाही, त्यांनी विचारलं. जायचंय, मी म्हटलं, हात तर लावलाय ना तिने.

निघताना मी डबा पुन्हा उघडून पाहिला. गोगलगाय आत होती, शेजारी शेपूट. झाकण लावलं, वर पाट्याचा दगड ठेवला.

"ठके, तू गोगलगाय खाल्लीस का गं?"

"हो," ती म्हणाली.

मी तिचं तोंड उघडून परत एकदा आत बघितलं.