मढ्याचं काम

आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळात तोंड उघडायला मिळणं सोपं नव्हतं. पहिल्या वर्षी खुर्च्या लावायच्या आणि चहा आणायचा. दुसऱ्या वर्षी पडद्याची दोरी. तिसऱ्या वर्षी, दोरी कुठं अडकली नसेल तर, रंगमंचावर पाय ठेवायचा, पण बोलायचं नाही. ही सगळी व्यवस्था गंगाधरनं लावलेली. गंगाधर आमचा दिग्दर्शक, लेखक आणि मुख्य नट. कॉलेजात त्याचं सहावं वर्ष चाललं होतं. तो दर वर्षी एक विषय मुद्दाम मागं ठेवतो, असं सगळे म्हणायचे, कारण पास झाला असता तर मंडळ सोडावं लागलं असतं.

मी दोन वर्षं निमूटपणे काढली. निमूटपणे म्हणजे गंगाधरच्या समोर निमूटपणे. होस्टेलवर आल्यावर मी त्याला काय काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बोलावून सांगितलं की श्रीमंत (हे माझं नावच), यंदा तुला काम आहे. मी खुशीनं विचारलं, कसलं? तो म्हणाला, मढ्याचं.

टर्म सुरू झाली की पंधरा दिवसांच्या आत एक एकांकिका करायची, म्हणजे ती बघून नवी पोरं मंडळात येतात, असा आमचा रिवाज होता. यंदाची एकांकिका गंगाधरनंच लिहिली होती. पडदा उघडतो तेव्हा एक तरुण मरून पडलेला असतो. पुढची चाळीस मिनिटं त्याची आई रडते, डॉक्टर हळहळतो आणि त्याचा मित्र आयुष्य किती निरर्थक आहे ते सांगतो. मित्र अर्थातच गंगाधर. तरुण का मेला ते शेवटपर्यंत कळत नाही. मी विचारलं तर म्हणाला, त्यातच तर सगळं आहे.

मी तोंड वाकडं केलेलं बघून त्यानं मला कोपऱ्यात घेतलं. डिसेंबरातल्या स्पर्धेच्या नाटकात एका पोस्टमनचं काम होतं. अकरा वाक्यं. चाळीस मिनिटं मी जराही हललो नाही तर ते काम माझं. हललो तर पुन्हा दोरी. मी त्याच्याकडून वही मागून घेतली आणि ती अकरा वाक्यं त्याच रात्री पाठ करून टाकली. त्यातलं सातवं तर इतकं झकास होतं की आंघोळ करताना ते आपोआप तोंडातून बाहेर पडायचं.

घरी पत्र टाकलं. नाटकात काम मिळालं आहे, सगळं नाटक माझ्याभोवती फिरतं, असं लिहिलं. यात खोटं काय होतं? सगळे माझ्याभोवतीच तर फिरत होते.

एका रिकाम्या वर्गात तालमी सुरू झाल्या आणि मरणं किती अवघड असतं ते मला कळलं. गंगाधरला सगळं खरं पाहिजे होतं, म्हणून माझ्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे. पांढरी चादर कुणाकडं सापडेना, म्हणून अंगावर छातीपर्यंत आपली जाडजूड सोलापुरी चादर, वर मोराचं चित्र असलेली. जूनचा उकाडा, डोक्यावरचा पंखा दोन वर्षं बंद. मल्लप्पा डॉक्टर होता. तो अक्कलकोटकडचा, मनानं लई चांगला, पण नाडी बघताना त्याची बोटं नेमकी जिथं गुदगुल्या होतात तिथंच लागायची. गंगाधर माझ्या डोक्याशी उभा राहून निरर्थकतेवर बोलायला लागला की त्याची थुंकी माझ्या कपाळावर उडायची. मी सगळं सोसलं. मनातल्या मनात अकरा वाक्यं म्हणत पडून राहिलो.

खरी पंचाईत होती सरोजिनीची. ती आमची एकुलती एक नटी. वडील कचेरीत हेडक्लार्क, बाराखडी म्हटल्यासारखं स्वच्छ बोलणं. तिच्या केसांना पावडर लावून तिला माझी आई केली होती. वाक्यं तिला चोख पाठ, पण माझ्या नाकातला कापूस बघितला की ती हसायला लागायची. मग गंगाधर तिला भिंतीकडं तोंड करून रडायला लावायचा. भिंतीकडं बघून ती बरी रडायची.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी होस्टेलच्या दारात गोजरबाई उभी. हातात पिशवी, पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. गोजरबाई म्हणजे माझी आत्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, औतामागं, त्यांना यायला जमत नव्हतं, म्हणून ही एकटीच मंगळवेढ्याहून एसटीनं आली होती. मी दोन वर्षांचा असताना माझी आई गेली. आत्या तर त्याच्याही आधी विधवा होऊन आमच्या घरी आलेली. तिनंच मला न्हाऊमाखू घालून वाढवलं.

तिच्याबद्दल आणखी एक सांगायला पाहिजे. आमच्या पंचक्रोशीत मयत झाली की आत्याला बोलावणं यायचं. आमच्याकडं बायका मेलेल्या माणसाचे गुण सांगून, त्याला हाका मारून रडतात, आणि त्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती रडायला लागली की ज्यांचं मेलेल्याशी उभ्या जन्मात पटलं नव्हतं तेसुद्धा डोळे पुसायचे. ती आल्याशिवाय मढं हलवत नसत. लोक बैलगाडी जुंपून न्यायला यायचे.

मला धास्ती होती की पोरानं मेल्याचं सोंग घेतलेलं तिला खपणार नाही. म्हणून मी आधीच सगळं सांगून टाकलं, की खोटं आहे, नाटक आहे, चाळीस मिनिटांनी मी उठणार. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"रडनार कोन हाय?"

हॉलवर गेल्यावर मी तिला सरोजिनी दाखवली. आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दुपारी तीनला प्रयोग होता. पडदा उघडला आणि त्याच क्षणी गिरणीचा भोंगा वाजला, त्यामुळं गंगाधरचं पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. त्यानं ते पुन्हा म्हटलं. हॉल गच्च भरला होता. डावीकडं मुलं, उजवीकडं मुली, पुढं प्राचार्य आणि सगळा प्राध्यापकवर्ग, आणि त्यांच्या मागच्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेली आत्या. मी डोळे किंचित उघडे ठेवून एवढं बघून घेतलं आणि मिटले.

वीस मिनिटं मी असा मेलो की विचारू नका. एक माशी ओठावर बसली, तिथून गालावर गेली, परत ओठावर आली. मल्लप्पानं नाडी बघितली. घामाचा ओघळ कानात शिरला. मी हललो नाही. मला पोस्टमनची पिशवी खांद्याला लागायला लागली होती.

मग सरोजिनीचं मोठं रडणं आलं. ती तालमीप्रमाणं भिंतीकडं तोंड करून रडायला लागली, पण त्या हॉलला ऐन त्या बाजूला भिंतच नव्हती, विंग होती, आणि विंगेत सिदू दोरी धरून उभा होता. पहिल्या वर्षाचा पोरगा, दोरीवाला गावाला गेला म्हणून त्याला उभा केलेला. मल्लप्पानं नंतर सांगितलं, तो इतका तल्लीन झाला होता की त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. ते बघून सरोजिनीला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. ती वळली, तर समोर मी आणि माझा कापूस. संपलं. ती गुडघ्यात डोकं घालून खदाखदा हसायला लागली आणि पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. गंगाधर दातओठ खात निरर्थकतेचं भाषण मोठ्यानं म्हणू लागला.

एवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. डोळे न उघडताच मी त्या ओळखल्या.

"अक्का, हे नाटक हाय की," असं मल्लप्पा काकुळतीला येऊन म्हणाला.

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "नाटक असलं म्हनून काय झालं? मढं ते मढं. मढ्याम्होरं हसत न्हाईत."

तिनं सरोजिनीला हाताला धरून बाजूला बसवली, पदर खोचला, माझ्या उशाशी बैठक मारली आणि सुरू केलं.

मी बापजन्मात तिचं रडणं इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. पहिली हाक अशी आली की शिट्ट्या बंद. मग तिनं माझे गुण घेतले. गुण असे की माझा राजा चौथीपर्यंत अंथरूण ओलं करायचा, पण कधी खोटं बोलला नाही. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटला, पण तिसऱ्यांदा बसायला लाजला नाही. कोंबड्याला भ्यायचा, पण तिला ताप आला तेव्हा त्या कोंबड्याच्या समोरून जाऊन डॉक्टरला घेऊन आला. मुलींच्या बाजूनं हसण्याचा आवाज येत होता आणि तो मधेच हुंदक्यात फुटत होता. मेलेल्या माणसाला रागानं दात खाता येत नाहीत. मी आतून उकळत होतो. इतकी दोन वर्षं मी या हॉलमध्ये अब्रू जमा केली होती, ती तिनं पाच मिनिटांत वाटून टाकली. पण हललो नाही. पोस्टमन, पोस्टमन, असं म्हणत राहिलो.

मग तिचा आवाज खाली आला. माझ्या केसांवरून तिचा हात फिरायला लागला.

"तुज्या आयनं जाताना तुला माज्या वटीत टाकला रं. तिला आता काय तोंड दावू? भाकरी आनलीया, खाल्ली न्हाईस. चटनी आनलीया, बोट लावलं न्हाईस. असा कसा निजलास? दिस वर आला की. ऊठ की रं. ऊठ, माज्या वासरा."

याच हातानं आणि याच शब्दांत तिनं मला रोज सकाळी उठवलं होतं. चौदा वर्षं, रोज. शाळेसाठी, गुरांसाठी, परीक्षेसाठी. माझा काही इलाज नव्हता.

मी उठून बसलो.

"उठलो, आत्या," मी म्हणालो. नाकात कापूस होता, त्यामुळं आवाज गेंगाणा निघाला.

रंगभूमीवरचं माझं ते पहिलं वाक्य.

मग आत्यानं माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला. "मुडद्या, मधीच उठतूयास व्हय? माजं संपलं तरी हुतं का?" सगळा हॉल उठून उभा राहिला, टाळ्या आणि हसणं आणि नाकं शिंकरणं यांचा एकच गोंधळ. प्राचार्य चष्मा काढून पुसत होते. गंगाधर पडदा, पडदा म्हणून ओरडत होता, पण सिदू दोरी सोडून ढसाढसा रडत होता, त्यामुळं पडदा पडलाच नाही. आम्ही तसेच उजेडात बसून राहिलो.

त्या एका प्रयोगावर मंडळात एकोणतीस नवी पोरं आली. कोणत्याही साली इतकी आली नव्हती. तरी गंगाधर आपल्या शब्दाला पक्का. प्रयोग उत्तम झाला हे त्यानं कबूल केलं, पण मढं हललं हेही खरं, म्हणाला. हललं कसलं, बोललं. पोस्टमन त्यानं सिदूला देऊन टाकला, कारण सिदूला भावना आहेत. मला परत दोरी.

आत्याला स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा मी तिच्या चार पावलं पुढंच चालत होतो. दोन वर्षं चहा आणि दोरी केली होती मी. ती अकरा वाक्यं मला अजून पाठ होती आणि ती आता त्या रडक्या पोराच्या तोंडी जाणार होती. पिशवी तिच्या हातातून घेतलीसुद्धा नाही. ती मात्र खुशीत होती. मंगळवेढ्याची गाडी लागेपर्यंत बाकड्यावर बसून आपलं आपलंच हसत होती. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणालो, माझं काम घालवलंस आणि वर हसतेस?

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"हसू नको तर काय करू? तुज्या मामाला, माज्या मालकाला, म्हनलं, ऊठ. तुज्या आयला म्हनलं. तीस वर्सं हुत्यात, निम्म्या गावाला म्हनत आले. कुनी उठलं न्हाय रं. आज तू उठलास."

गाडी लागली. मी तिची पिशवी उचलली, गर्दीत घुसून खिडकीजवळची जागा धरली आणि गाडी सुटेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिलो.