पांढरा पडलेला प्लग

टेबलावर तीन स्पार्क प्लग ओळीने ठेवले होते आणि तिन्हींची तोंडं पांढरीफटक पडली होती.

"हल्लीच्या प्लगांत काही दमच राहिलेला नाही," कानसेन म्हणाला आणि त्याने चौथ्या प्लगचं खोकं फोडलं.

चष्मेवाला स्टुलावर बसून बघत होता. ट्रक त्याचा होता. रिमोटवर धावणारा, पण कोणी खेळणं म्हणून हिणवावं असा नव्हे. एखादं पोर वर बसेल एवढा मोठा, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारा, दोरी खेचून सुरू करायचा. मागच्या महिन्यात कानसेननेच तो ट्यून करून दिला होता आणि मैदानावर दुसऱ्याच फेरीत त्याचं इंजिन जाम झालं. उघडून बघितलं तर पिस्टनवर ओरखडेच ओरखडे. कानसेनने सगळं खापर ऑइलवर फोडलं. चष्मेवाल्याने वाद घातला नाही. नवा पिस्टन, नवा सिलिंडर घातला आणि ट्रक पुन्हा त्याच्याच दारात आणून उभा केला. आता हेही इंजिन गेलं, तर ऑइलच्या माथी काही मारता येणार नव्हतं, हे कानसेनला पक्कं ठाऊक होतं.

कानसेन हे नाव मैदानावरच्या मंडळींनी ठेवलेलं. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेला, आणि निवृत्त झाल्यावर माणसाने या ट्रकांचा नाद धरला. या इंजिनांच्या कार्ब्युरेटरला एक स्क्रू असतो. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर फिरवला की जास्त. जास्त झालं तर इंजिन घशात गुळण्या केल्यासारखं गुरगुरतं. कमी झालं तर किंचाळतं, तापतं आणि शेवटी स्वतःच्याच जिवावर उठतं. मधली जागा केसाएवढी. इतरांचा ती शोधण्यात अर्धा दिवस जायचा. कानसेन डोळे मिटून ऐकायचा, स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे, आणि म्हणायचा, "बस्स, इथं." मग प्लग काढून बघावा तर छान बिस्किटाच्या रंगाचा. त्याला आपल्या कानांचा गर्व होता आणि तो असायलाही हरकत नव्हती.

चौथा प्लग घालून त्याने ट्रक मागच्या बोळात सोडला. इंजिन त्याला गुदमरल्यासारखं ऐकू येत होतं, जाड, रजईखालून यावं तसं. म्हणजे पेट्रोल जास्त. त्याने स्क्रू किंचित आत घेतला. ट्रक पुन्हा पळवला, भर वेगात बंद केला आणि प्लग काढला. पांढरा.

"पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, असं तूच शिकवलंस ना रे आम्हाला?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याचा आवाज भरदार होता, भिंतीपलीकडेही कळेल असा.

"प्लग बरा असेल तर. हे प्लगच भिकार आहेत."

चष्मेवाला उठला. चष्म्यांचं दुकान उघडायची वेळ झाली होती. दारात पोचल्यावर तो जरा घुटमळला. "तुला एक गंमत सांगू? माझ्याकडे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक एकच तक्रार करतं. म्हणतं, हल्ली पेपरची छपाई फार खराब झाली आहे."

कानसेन हसला. चष्मेवाला हसला नाही. "ट्रक ठेवून जातो. घाई नाही," म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर कानसेनचं हसू मावळलं. मग त्याला राग आला. मोठा आला शहाणा! डोळ्यांचा धंदा, आणि अक्कल कानांची शिकवतोय. पण राग काढायचा कुणाजवळ? घरात बोलायला कोणी असून नसल्यासारखं होतं. गेले कित्येक महिने बायकोने अबोला धरला होता. का, ते तिलाच ठाऊक. ट्रकांनी मागची खोली अडवली म्हणून असेल. पूर्वी स्वयंपाकघरातून तिची टकळी अखंड चालायची, आता नुसती भांडी वाजत. तीही हल्ली कमीच. कानसेनही मानी. तू बोलत नाहीस तर माझंही अडलेलं नाही, असं मनाशी ठरवून तो पेपर वाचत बसायचा. रात्री उशीवर डोकं टेकलं की मात्र त्याला फार एकटं वाटायचं.

प्लग पुन्हा बसवून त्याने दोरी खेचली. इंजिन सुरू झालं, तसंच रजईखालचं. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला. आणखी थोडं आत घ्यावं म्हणून हात वळणार, तोच त्याच्या दंडाला कोणीतरी घट्ट धरलं.

बायको होती. एक हात त्याच्या दंडावर, दुसरा स्वतःच्या कानावर. तिचे ओठ हलत होते. त्याने बटण दाबून इंजिन बंद केलं. ओठ अजून हलत होते. आवाज येत होता, पण पुसट, शब्दांच्या कडा झिजलेल्या.

"काय?" तो म्हणाला.

ती जवळ आली. "अहो, किती किंचाळतंय ते! मारून टाकाल बिचाऱ्याला. आतून किती हाका मारल्या!"

"किंचाळतंय? गुरगुरतंय ते."

"गुरगुरायचं पूर्वी. तुमचे ट्रक काय मी आज ऐकतेय? कणीक मळताना सुद्धा कळायचं मला, आता साहेबांचं जमलं म्हणून."

कानसेन तिच्याकडे बघत राहिला. एवढं मोठं वाक्य तिने किती दिवसांनी उच्चारलं होतं! "आज बरी बोललीस. अबोला सुटला वाटतं?"

"कुणाचा अबोला?"

"तुझा. इतके महिने एक शब्द नाही."

ती दाराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. "मी बोलत नाही? मी? अहो, बोलून बोलून थकले. तुम्ही पेपरातून मान वर करत नाही. गुडघा दाखवायला बरोबर याल का म्हणून विचारलं, तर हूं नाही की चूं नाही. गेले एकटीच. म्हटलं, आता यांना आपलं काही ऐकायचंच नाही." तिने पदराने डोळे टिपले. "कान दाखवून घ्या, असं तरी किती वेळा सांगितलं."

"कधी?"

"तेच तर!"

दोघंही हसली. मग त्याला तिचा गुडघा आठवला. ती एकटी दवाखान्यात बसली होती आणि तो घरी मान राखत बसला होता. टेबलावरचे प्लग त्याच्याकडे बघत होते. प्लग कधी खोटं बोलत नाही, हे मैदानावर सगळ्यांना त्यानेच सांगितलेलं. आणि चौघांनी एकच गोष्ट सांगितली, तर त्याने चौघांनाही भिकार ठरवलं.

तो खाली बसला आणि स्क्रू बाहेर घेतला. हाताला ते चुकीचं वाटत होतं. "तू ऐक," तो म्हणाला. "जमलं की हात वर कर."

ट्रक बोळातून धावू लागला. कानसेनचं लक्ष ट्रककडे नव्हतंच, बायकोच्या चेहऱ्याकडे होतं. त्या नादात एकदा ट्रक भिंतीवर जाता जाता वाचला. कपाळाला आठ्या, म्हणजे अजून किंचाळतंय. नाक मुरडलं, म्हणजे फार गुरगुरतंय. स्क्रू जरा आत. त्याच्या कानांना सगळं सारखंच जाड होतं. मग तिचा चेहरा हळूहळू निवळला, आणि तिने हात वर केला.

त्याने भर वेगात इंजिन बंद केलं. प्लग काढला. बिस्किटाचा रंग.

त्याने तो तिच्या हातात दिला. गरम होता म्हणून तिने पदरात घेतला, आणि तो बराच वेळ त्या पदराकडे बघत राहिला. मग त्याने चष्मेवाल्याला फोन लावला.

"ट्रक घेऊन जा. प्लग चांगले होते रे, सगळे. ऑइलही चांगलं होतं. छपाईत काही खोट नाही."

पलीकडून चष्मेवाला काहीतरी म्हणाला. फोनमधून तो भरदार आवाजसुद्धा चेपून आला. एरवी कानसेन अशा वेळी "हो, हो" म्हणून फोन ठेवून द्यायचा. आज त्याने तो बायकोपुढे धरला.

"काय म्हणतोय, तू ऐक," तो म्हणाला, "आणि मग मला सांग. माझ्याकडे तोंड करून सांग."