दोन डाव्या बाह्या

डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसायला लागले. पोर तेव्हाच उठून उभी राहिली. मला मात्र ते तोंडाने सांगेपर्यंत कळलं नाही. बायको गेली होती. पोरीनेच मला हाताला धरून घरी आणलं.

पोर म्हणजे माझ्या मेहुणीची मुलगी. मोठ्या शहरात वाढलेली. तिथल्या शाळेने हात टेकले, म्हणून मागच्या वर्षी आईने तिला आमच्याकडे आणून सोडलं. आली तेव्हा निम्मं डोकं भादरलेलं आणि कपाळावर कायमची आठी. "गावात एकच रस्ता, तोही जांभया देतो," हे तिचं पहिलं वाक्य. संध्याकाळी बस स्टँडवर जाऊन शहराच्या गाड्या बघत बसायची.

बायको शिवणकाम करायची. तिने उपदेश केला नाही. जुन्या कपड्यांचा ढीग पोरीपुढे टाकला.

"उसव. तोडफोडीला तुझा हात चांगला आहे म्हणतात."

पोर चिडून उसवत बसली. उसवता उसवता शिवण कशी जाते ते तिला कळायला लागलं.

मग तिने स्वतःसाठी शर्ट बेतला. कापड दुहेरी न घालता एकेक बाही कापली, आणि दुसरीच्या वेळी बाहीच्या मापाचा कागद उलटा करायला विसरली. दोन्ही बाह्या डाव्या. कापड छापील, त्यामुळे उलटं करून लावायचीही सोय नाही.

"मावशी, आता गं?" पोर रडकुंडीला आली.

"आता काय, उजवा हात डावा समजून चाल."

दोघी हसून हसून जमिनीवर बसल्या. बायकोने तसाच शर्ट शिवायला लावला. खांद्यात पीळ पडलेला तो शर्ट घालून पोर गावभर हिंडली, आणि तिच्या वर्गातल्या दोघी तसलाच मागायला आल्या.

"घ्या! चुकीलाही गिऱ्हाईक आहे," बायको म्हणाली. तेव्हापासून पोर स्टँडवर जायची बंद झाली.

बायको गेल्यावर मेहुणी तिला न्यायला आली.

"भावोजी, तुमच्यावर कशाला ओझं?"

"मी येणार नाही," पोर मशीनवरून न उठता म्हणाली.

"वर्षभर 'मला ने, मला ने' म्हणून फोनवर माझा जीव खाल्लास!"

"वर्षभर नाही. सुरुवातीला."

"आणि इथे कोण बघणार तुझ्याकडे? भावोजींना चहा तरी धड येतो का?"

"मला येतो. त्यांना काजं करता येतात."

ते खरं होतं. काजं-बटणं आमच्या घरात माझ्याकडेच असायची.

मेहुणी माझ्याकडे बघत राहिली. तिचंही चुकत नव्हतं, आई आहे ती. पोर मला हवी होती. पण मला करमत नाही म्हणून तिला ठेवून घ्यावं का, ते समजेना. असलं सगळं बायको ठरवायची. "थोडे दिवस थांबा," म्हटलं. मेहुणी एकटीच परत गेली.

काल एक बाई आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी दारातून बायकोला हाक मारली. मी आतल्या खोलीत होतो, मला उठवेना.

"मावशी आता नाही," पोर म्हणाली. मग स्टूल सरकवत म्हणाली, "मी आहे. या, माप देऊन जा."

पोर इथेच राहील, असं मी त्या वेळी ठरवलं. मेहुणीला फोन करून सांगायचं अजून राहिलं आहे.