धुऱ्यावरचा झेंडेवाला

साधनाचं त्या दिवशी सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि राहणार तरी कसं? शिरड शहापूरच्या महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळालेला, तो उडवायचं शिक्षण घेऊन आलेली अख्ख्या गावात ती एकटी, आणि आज बालाजीच्या सोयाबीनवर पहिली फवारणी. गटाची अध्यक्ष मंजुषाताई तोंडाची फटकळ. तिनं आदल्या दिवशीच ऐकवलं होतं, "बालाजीभाऊनं मान हलवली तर बाकीचे आपसूक येतील. त्यानं नाक मुरडलं तर हे यंत्र औंढ्याच्या गटाकडं गेलंच म्हणून समज. मग बस पुन्हा लोकाची पोलकी शिवत."

साधनाला पोलकी शिवायची नव्हती. तिला उडवायचं होतं. हे तिनं नवऱ्यालासुद्धा इतकं उघड सांगितलं नव्हतं, पण होतं ते असं होतं.

बॅटऱ्या, वायरी, औषधाचा डबा असं सगळं पिशवीत कोंबत असताना ओट्यावरून सासऱ्यांनी, संतरामांनी, बशीतला चहा फुंकत विचारलं, "पोरी, झेंडा कोण धरणार हाय आज?"

"तुमीच धरा की मामा! तुमच्याबिगर दुसरं हाय कोण?" ती हसत बोलली आणि लगेच विसरूनही गेली.

झेंड्याची गोष्ट गावात ठाऊक नाही असा माणूस नव्हता. संतराम मिसरूड फुटायच्या वयाचे होते तेव्हाची. कापसावर कीड पडली की एक छोटं पिवळं विमान फवारायला यायचं. माळावर उतरायचं, तिथंच पोटात औषध भरून घ्यायचं आणि पुन्हा उडायचं. चालवणारा हिरासिंग नावाचा उंच सरदारजी. आता वरून त्याला काय कळणार, कुठली पट्टी झाली आणि कुठली राहिली? म्हणून वावराच्या एका टोकाला संतराम आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा जिवाचा दोस्त खेमा, दोघांच्या हातात पांढरे झेंडे. हिरासिंग दोन झेंड्यांची रेघ धरून विमान असं खाली घालायचा की डोक्याचं मुंडासं उडावं. विमान गेलं की चार पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडा वर. औषध दोघांच्या अंगावर पडायचं, त्याची कुणाला पर्वा? खेमाला पुढं दम्यानं नेलं. संतरामांचा डावा डोळा अजून पाझरतो.

काम संपलं की हिरासिंग शेवटच्या फेरीला विमानाचे पंख एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकवायचा. म्हणजे सुट्टी. ती खूण झाल्याशिवाय झेंडेवाल्यानं जागा सोडायची नाही, मग वीज कोसळो.

आणि एके वर्षी विमान औषध भरायला म्हणून गेलं ते परत आलंच नाही. वरून काम बंद करायचा हुकूम आला होता म्हणे. झेंडेवाल्यांना कोण सांगतंय! दिवेलागण होईस्तोवर दोघं पोरं दोन टोकांना उभी. शेवटी संतरामांच्या आईनं येऊन दोघांना हाताला धरून घरी नेलं. गावातले टवाळ अजून पारावर विचारतात, "काय संतरामबुवा, सुट्टी झाली का न्हाई?" तेही हसून म्हणतात, "अजून कुठं रे!"

बालाजीच्या वावराशी निम्मं गाव लोटलं होतं. साधनानं रस्त्याच्या बाजूला ड्रोन ठेवला, सगळ्यांना मागं सारलं आणि रिमोट हातात घेतला. यंत्र घोंगावत वर गेलं तशी बाया-माणसांच्या तोंडून "आगंगं!" निघालं. पहिली पट्टी झाली, दुसरी झाली. बालाजी छातीवर हात बांधून उभा होता, तो हळूहळू पुढं झुकून बघायला लागला. साधनाच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात वावराच्या कालव्याकडच्या टोकाला कडुलिंबाच्या सावलीतून कुणीतरी उठून बांधावर, धुऱ्यावर आलं. हातात काठी, काठीला पांढरं फडकं. ड्रोन सरळ त्या दिशेनं गेला, समोर अडथळा दिसला आणि हवेत जागच्या जागी थबकला. फवारा बंद.

"अगं बया, माझा नवा अभ्रा!" सासूबाई शकुबाई ओरडल्या. उशीचा अभ्रा काठीच्या टोकाला झोकात फडफडत होता.

मग काय, हशाच पिकला. पोरांनी मोबाइल वर धरले. "काहून थांबला गं?" मंजुषाताई कानाशी कुजबुजली. "बिघडलं जणू," बालाजी म्हणाला आणि त्यानं पुन्हा हात बांधून घेतले.

साधनाला संताप आला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला म्हातारा डोळ्यांसमोर नकोसा झाला. तिचा नवरा सोमेश्वर धुऱ्यानं पळत गेला. त्यानं बापाच्या दंडाला धरलं, संतरामांनी हात झटकला. आणि सोमेश्वर तिथूनच ओरडला, "न्हाई म्हणून राहिले! म्हणतात, साधनानं नेमलंय मला!"

सकाळचं बोलणं तिला चटकन आठवलं. तिनं चेष्टा केली होती. त्यांनी मात्र अंघोळ केली असेल, काठी शोधली असेल, बायकोची नजर चुकवून अभ्रा काढला असेल आणि वेळेच्या आधी येऊन बसले असतील. हिरासिंगनंतर अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी झेंडा धरायला सांगितलं होतं. साधनाला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅटरी संपत आली म्हणून रिमोट ओरडायला लागला. "उतरव खाली," मंजुषाताई म्हणाली, "आन् सोम्याला सांग, उचलून आण म्हाताऱ्याला."

"कुणी हात लावायचा न्हाई मामांना," साधना बोलली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला.

तिनं ड्रोन मागं घेतला, चांगला उंच नेला. औषधाचा एक थेंब तिकडं जाणार नाही याची खात्री केली. शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं, कसरती करायच्या नाहीत. ड्रोनला पंख तरी कुठले? पण अंग झुकवता येतं. तिनं रिमोटची दांडी हळूच डावीकडं नेली, मग उजवीकडं. पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं.

संतराम मान वर करून बघत राहिले. मग झेंडा सावकाश खाली आला. त्यांनी काठीवरचा अभ्रा सोडला, झटकला, नीट घडी करून काखेत धरला. कपाळाला हात लावून वरती एक सलाम ठोकला आणि लिंबाच्या सावलीला जाऊन बसले. पोरांनी मोबाइल खाली घेतले. पारावरचे टवाळसुद्धा खाली बघायला लागले, कारण काय झालं ते त्या सगळ्यांना बराबर कळलं होतं.

ड्रोन उतरला. सोमेश्वर बॅटरी बदलत होता तोवर साधना पाण्याची बाटली घेऊन लिंबाखाली गेली.

"मामा, चुकलं माझं. मी सकाळी—"

"काय चुकलं? बेस झालं." त्यांचे दोन्ही डोळे वाहत होते, एकट्या डाव्याचं काम नव्हतं ते. घोटभर पाणी पिऊन त्यांनी वावराच्या दुसऱ्या, बाभळीकडच्या टोकाकडं बोट केलं. "एक तकलीफ देतो पोरी. खेमा गेला, मला काय ठावं न्हाई व्हय? पर त्याची बी सुट्टी राहिली हाय गं."

साधना तशीच माघारी वळली. परत येऊन तिनं ड्रोन उचलला आणि राहिलेल्या पट्ट्या एका दमात पुऱ्या केल्या. बालाजी म्हणाला, "उद्याच्याला माझी हळद बी घे," आणि मंजुषाताईनं तिच्या पाठीवर अशी थाप मारली की रिमोट हातून पडता पडता राहिला.

"थांबा ताई, एक फेरी राहिली."

"अगं, सगळं तर झालं. टाकी रिकामी हाय!"

रिकामा ड्रोन बाभळीकडच्या टोकाला गेला. तिथं धुऱ्यावर कुणी नव्हतं, नुसतं गवत. तिथं वर थांबून तो एकदा डावीकडं झुकला, एकदा उजवीकडं.

लिंबाखाली संतराम उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन, होता नव्हता तेवढा आवाज काढून त्यांनी त्या टोकाला हाळी दिली, "खेमाऽऽ, चल रे घरी!"