काण्याची खूण

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आलुएत नावाचा खेळ खेळतात, त्याच्या पत्त्यांच्या जोडातला. माझ्या अंगावर सोन्याची दोन नाणी आहेत, तरी सगळे मला ‘काणा’ म्हणतात. दगडी ठशावर छापून मला हाताने रंगवले. रंगवणारे केव्हाच देवाच्या पायाशी पोहोचले, त्यांचा पिवळा रंग मात्र टिकून आहे.

आमच्या खेळात कोणते पान आले ते तोंडाने सांगायचे नाही. पण भिडूला चेहऱ्याने हळूच खूण करायची मुभा. आभाळाकडे पाहिले की हातात ‘साहेब’, ओठ पुढे काढले की ‘गाय’, एक डोळा मिटला की मी.

आन्सेल्म कोळ्याचा आवाज असा खडा, की रविवारची चर्चमधली प्रार्थना त्यानेच भरून जायची. मग बंदरावरच्या खानावळीत डाव. शेजारीण होनोरीन त्याची भिडू. एका हिवाळ्यात अर्धांगवायूने त्याची वाचा नेली आणि डावी पापणी कायमची मिटली. आता माणसांत बसायला त्याला हा खेळच उरला होता. होनोरीनने त्याला हाताला धरून पुन्हा आणले.

त्या डावात मी गठ्ठ्यातच राहिलो होतो. पण होनोरीनला त्याचा मिटलेला डोळा दिसला आणि सवयीने तिने शेवटचा हात त्याच्यावर सोडला. डाव गेला. समोरच्या जोडीतला फिर्मँ हसला, “या वयात डोळा मारतोय तो, आणि तू भुलतेस!”

होनोरीन भडकली. “अरे, हातात सत्ती, मग काण्याची खूण कशाला केलीस?”

आन्सेल्मने पापणीवर बोट ठेवले. पत्ते खाली ठेवले आणि निघून गेला. मग रविवारमागून रविवार तो धक्क्यावर, खानावळीकडे पाठ करून बसू लागला.

खूण बदलू या, असे होनोरीन म्हणाली. फिर्मँ कुरकुरला, आजोबा-पणजोबांची खूण अशी कशी बदलायची? पण एका रविवारी तोच आम्हा पत्त्यांना आणि होनोरीनला घेऊन धक्क्यावर आला, मासळीची पेटी पालथी घातली आणि पत्ते वाटले. मी त्याच्याच हातात पडलो. त्याने सर्वांदेखत हनुवटी खाजवली.

“काणा माझ्याकडे आहे. आजपासून गावात त्याची खूण ही. डोळा कुणी मिटायचा नाही.”

“मूर्खा, स्वतःचं पान सांगतोस होय?” होनोरीन म्हणाली.

आन्सेल्म अर्ध्या तोंडाने हसला आणि त्याने आपली पाने उचलली. त्या हसण्यात मला त्याची जुनी प्रार्थना ऐकू आली.

आज आन्सेल्म नाही. गाव मात्र अजून हनुवटीच खाजवते आणि परगावचे खेळाडू गोंधळतात. मित्रांनो, आम्हा जुन्या पत्त्यांना कोरड्या हातांनी धरा, कोपरे दुमडू नका. आणि डावात कुणाला खूण जमत नसेल, तर खूण बदला. माणसाला उठून जाऊ देऊ नका.