चुलीवरची मेरयेम

आमचं घर म्हणजे मूळचं ग्रीकांचं चर्च. पुढे त्याची मशीद झाली, मग रेशमाच्या कोषांचं गोदाम, आणि क्रीट बेटावरून हाकललेल्या माझ्या आजोबांना तुर्की सरकारने दिलं तेव्हापासून घर. मधे फळ्यांचा मजला घातलाय. वरच्या अर्धगोल कोनाड्यात आमची चूल. खाली उतरायला एकोणतीस पायऱ्या. आईचे गुडघे गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून ती उतरलेली नाही. तिला टाकून मी कुठे जाणार? माझी पन्नाशी याच धुरात उलटली.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं, बुर्साचे हॉटेलवाले रुकनेत्तिनसाहेब. घर विकलं की मार्मारा समुद्राच्या काठी तळमजल्यावरचा फ्लॅट येत होता. ईदच्या आदल्या दुपारी ते सौदा पक्का करायला येणार होते.

ईदच्या आधी घराला चुना मारायचा, हा आमच्याकडचा रिवाज. दरवर्षी आई जुन्यावरच नवा हात फिरवते. यंदा गिऱ्हाईक येणार म्हणून आईसाहेबांनी त्याच सकाळी आधी पोपडे खरवडायला घेतले. मी बाजारातून आले, तर चुलीवरच्या भिंतीतून एक बाई माझ्याकडे बघत होती. निळी ओढणी, भलेमोठे डोळे.

"मेरयेम आहे," आई म्हणाली. "ईसा पैगंबरांची आई. इतकी वर्षं आपल्या कांद्याचा धूर खातेय बिचारी."

"अगं, असं जुनं चित्र निघालं की घरावर संरक्षित वास्तू म्हणून सरकारी शिक्का बसतो! मग साधा खिळा ठोकता येत नाही. कोण घेईल हे घर?"

मी ब्रश उचलला.

"तिच्या तोंडाला चुना फासतेस, नाझमिये?"

लाज वाटली, तरी दोन हात मारले.

साहेब आले. भिंतीला टेकलेली बोटं पांढरी झाली. "एवढंच ओलं कसं? इथे काही होतं का, मावशी?"

मी आईकडे असं बघितलं, की दगडालाही कळलं असतं.

"माझा रोजा आहे, बाळा. खोटं नाही बोलायची. चुन्याखाली मेरयेम आहे."

साहेबांनी रुमालाला बोटं पुसली, ईदच्या शुभेच्छा दिल्या आणि भराभर पायऱ्या उतरून गेले.

मी भडकले. "एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मला सुटायचं होतं गं इथून!"

आईने गुडघे चोळले. मग म्हणाली, "इझमिरचा तो मुलगा तुला मागायला दोनदा आला होता. तूच नाही म्हणालीस. तेव्हा माझे गुडघे चांगले होते, नाझमिये."

रोजा सोडायची तोफ झाली. तिने खजूर मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.