टोरंटो ते दवनीवाडा

मंडईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी दवनीवाड्यात भाग्यश्रीच्या ओसरीवर एक विमान उडत होतं. मोबाइलवर. तिचा प्रफुल टोरंटोहून गावच्या मंडईला निघाला होता, आणि नकाशावर सरकणारं ते विमान पाहायला अर्धी गल्ली जमली होती. अंगणापलीकडे तिची मोठी जाऊ अनुसयाबाई उडदाची डाळ निवडत बसली होती. तिला विमान पाहायचं नव्हतं. म्हणजे पाहायचं होतं, पण भाग्यश्रीच्या मोबाइलवर नाही.

"साडेअकरा हजार किलोमीटर, बाई," भाग्यश्री तिथूनच म्हणाली. "दिल्लीपावतर चौदा तास. मंग नागपूर, मंग रेल्वे. मी म्हटलं, कायले येतस एवढ्या दुरून? तर म्हणते, मंडई चुकवत नाही."

दिवाळीनंतर ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे. रात्री नाटक, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकच विषय: कोणाकडे कोण आलं. अनुसयाबाईकडे दोन वर्षं कोणी आलं नव्हतं. तिचा उमेंद्र नोकरीला होता तिरोड्यात, मोटारसायकलने पाऊण तासावर. आणि हिचं पोर सातासमुद्रापलीकडून येणार. तिचा नुसता जळफळाट झाला, आणि त्यात जीभ सुटली.

"मायावाला उमेंद्र बी येऊन राहिला," ती म्हणाली. "दोन दिवस राहणार हाय."

बोलून तर बसली. मग घरात जाऊन फोन लावला.

"सुट्टी नाही भेटत, माय," उमेंद्र म्हणाला. "पुढच्या साली पाहू."

"प्रफुल टोरंटोहून येऊन राहिला, बापा."

"त्याले सुट्टी असन."

तरी तिने वड्यांची डाळ भिजत घातली ती घातलीच. दिवसभर काही ना काही निमित्ताने ओसरीसमोरून जायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून विमान कुठवर आलं ते पाहून घ्यायची. देवाकडे तिने मागणंही मागितलं, पण मापात. विमानाला काही होऊ नये, पोरगं सुखरूप उतरावं, फक्त मंडई होईपर्यंत दिल्लीत अडकावं.

देवाने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात मोटारसायकल थांबली. मागे प्रफुल होता, आणि गाडी चालवत होता उमेंद्र.

अनुसयाबाईने पोराकडे नंतर पाहिलं, आधी भाग्यश्रीकडे पाहिलं. छाती कशी फुगली होती.

ती मोठी म्हणून प्रफुल आधी तिच्याच पाया पडला. "मोठीमाय, तिरोड्याच्या स्टेशनवर हा उभाच होता. काल दिल्लीहून फोन केला, तर लगेच सुट्टी काढली यानं माझ्यासाठी."

उमेंद्र तोवर काकूच्या ओसरीवर पोचून प्रफुलची बॅग उघडायला लागला होता.

अनुसयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिथे गेली.

"तिरोड्याहून यायले किती वेळ लागला रे?"

"पाऊण तास," तो वर न पाहता म्हणाला. "काऊन?"

"काही नाही. मले वाटलं, टोरंटोपेक्षा बी दूर असन."

उमेंद्रचा हात बॅगेच्या चेनवरच थांबला. भाग्यश्री चहा ठेवायला आत गेली.

जेवणाच्या वेळी अनुसयाबाईने दोघांना शेजारी बसवलं, आणि गरम वड्यांचं पहिलं ताट प्रफुलपुढे ठेवलं.